वाटाड्या नको म्हणालात म्हणून

श्री. हाल्वोर्सन,
तुमची चौथी यादी पोचली.
टॉवर चार दिवस बंद होता,
तेव्हा उशीर माझ्या खाती लिहू नका.

उपग्रहाचं चित्र पाहिलं, चष्मा दोनदा पुसून.
माझं घर त्यात तांदळाच्या कणीएवढं,
आणि सभोवती तुमची लाल टिंबं. सतरा.
त्यातल्या पाचांवर ओहोटीला पाणीच नसतं.
सहावं टिंब पांढरंशुभ्र दिसतंय ना?
तो चुन्याचा गाळ.
माणूस मांडीपर्यंत जातो, कसाबसा निघतो,
बूट मात्र तिथलाच होतो.
डेल्टनने नंतर उकरून काढलेले तीन बूट
त्याच्या पडवीत आहेत. तिन्ही डावे.

तारखा बदला.
पौर्णिमेचं उधाण तिवरांच्या मुळांत शिरतं,
पाण्यामागोमाग मासा,
आणि तुम्ही बाहेर, काठी हातात धरून,
जेवणं उरकल्यावर लग्नाला पोचलेल्यासारखे.
अर्ध्या चंद्राला या. भांगेचं पाणी शहाणं असतं,
गुडघ्याशी येऊन थांबतं.

पिसांचे खोटे झिंगे वाळूच्या रंगाचे बांधा.
फोटोतला तो गुलाबी
आमच्या चर्चमधल्या बायकांच्या टोप्यांना शोभेल.
पाय उचलू नका, घासत चाला,
पाकटाला आधी कळू दे कोण आलंय.
ऊन पाठीवर घ्या.
मासा दिसत नाही, हे मनाशी पक्कं करा.
दिसते ती त्याची सावली,
तीही तुमची पडली की संपली.

‘सगळं स्वतःचं स्वतः’, असं तुम्ही तीनदा लिहिलंत.
बरं.
गाडी माझी. तिचा उजवा दरवाजा आतून दोरीने बांधायचा.
डबा माझा, तुरीच्या दाण्यांचा भात, तळलेला शंख.
रस्ता इझ्रिकला विचारा,
तो हात करून दाखवेल, मैल सांगणार नाही.
टायर फुटला तर डेल्टन.
उरलेलं स्वतःचं स्वतः.

डेल्टन माझा भाचा. धंद्याने वाटाड्या.
बोट बापाची, इंजिन हप्त्याचं.
मागच्या मोसमात अकरा पाहुणे आले,
त्यातले नऊ आपापला नकाशा घेऊन.
तो राग धरत नाही.
अंधार पडला की धक्क्यावर बसतो
आणि परतलेले दिवे मोजतो.
फेब्रुवारीत एक कमी भरला.
रात्री दोनला सापडला तो माणूस,
तिवराच्या खुंटाला मिठी मारून, पाणी छातीला,
कॅमेरा डोक्यावर धरलेला.
डेल्टनने पैसे घेतले नाहीत.
वाटाड्या नको म्हणाला होता ना तो;
आमचा मुलगा दिल्या शब्दाला फार जपतो.

म्हणून एक दिवस त्याला घ्या.
मासा दाखवायला नव्हे,
मासा तुम्ही शोधालच, वाचलंय तुम्ही खूप.
पाणी चढताना पाठीमागची वाट कुठून बुजते
एवढंच बघून ठेवा.
मग सहा दिवस तुमचे,
कोणी विचारणार नाही.

येताना आणा:
जनरेटरचे स्पार्क प्लग, दोन,
वाचायचा चष्मा, दोन नंबरचा, काडी जाड असलेला.
पैसे भाड्यातून वळते करू.
किती मासे लागतील, हे तुम्ही पुन्हा विचारलंत.
मी पुन्हा सोडून देते.

राहता राहिलं खोलीचं.
पहिल्या तीन याद्यांत तुम्ही दोघं होतात,
काठ्या दोन, टोप्या दोन,
एकाला कोळंबी चालत नाही हेही लिहिलं होतंत.
या खेपेला एक.
मी काही विचारत नाही.
पण दुसरी खाट बाहेर काढणार नाही.
इथे कपडे लवकर वाळत नाहीत,
ते पसरायला लागेलच ती.

इव्हाडनी हेस्टी
(निळं दार. कुत्रा भुंकेल, तो बहिरा आहे.)